प्रायोगिक आणि सैद्धांतिक संभाव्यता मुलांना शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाणं आणि फासा घेऊन मुलांसमोर बसलेल्या पालकांनी आणि शिक्षकांनी पाठवलेले हे प्रश्न आहेत. एकच प्रश्न तिसऱ्या-चौथ्यांदा आला की मी तो इथे घेते. सुरुवातीचे प्रश्न पहिल्या तासाचे आहेत, पुढचे जरा अडवणारे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संभाव्यता म्हणजे काय, हे लहान मुलाला कोणत्या शब्दांत सांगू?

शब्द मुलांकडे आधीच असतात: नक्की, बहुतेक, कदाचित, क्वचितच, शक्यच नाही. एक आडवी रेघ ओढा आणि हे शब्द तिच्यावर क्रमाने बसवायला सांगा. ‘शक्यच नाही’ डाव्या टोकाला जाईल, ‘नक्की’ उजव्या. मग डाव्या टोकाखाली ० आणि उजव्या टोकाखाली १ लिहा. संभाव्यता म्हणजे या रेघेवरची जागा. ‘बहुतेक’ आणि ‘कदाचित’ यांच्या जागेवरून मुलांची भांडणं होतील. होऊ द्या. शब्दांनी भागत नाही, आकडा हवा, हे त्या भांडणातूनच कळतं.

एक घोळ आपल्या भाषेचाच आहे. रोजच्या बोलण्यात ‘शक्यता आहे’ म्हणजे ‘होऊही शकेल’ एवढंच. गणितातल्या संभाव्यतेला मात्र ‘किती?’ हा प्रश्न कायम चिकटलेला असतो. मुलं ‘चान्स’ म्हणतात, म्हणू द्या. ‘किती चान्स?’ असं विचारायची सवय लागली की पुस्तकातला शब्द पुढे आपोआप बसतो.

२. प्रायोगिक आणि सैद्धांतिक संभाव्यतेत नेमका फरक काय?

सैद्धांतिक संभाव्यता फासा न टाकता मिळते. फाशाला सहा बाजू, सगळ्या सारख्या, त्यांतल्या एकीवर ४, म्हणून ४ पडण्याची संभाव्यता १/६. अनुकूल निष्पत्ती (हवे ते निकाल) भागिले एकूण निष्पत्ती (होऊ शकणारे सगळे निकाल). प्रायोगिक संभाव्यता फासा टाकून आणि मोजून मिळते. ५० वेळा टाकला आणि ४ अकरा वेळा पडला, तर ११/५०.

पहिलं उत्तर कुणीही काढलं तरी तेच येतं. दुसरं प्रत्येकाचं वेगळं, आणि त्याच मुलाचं उद्या पुन्हा वेगळं. म्हणून पहिलं खरं आणि दुसरं कच्चं, असं मुलांना वाटू लागतं. तिथे सावध राहा. १/६ हे उत्तर ‘सगळ्या बाजू सारख्या’ या गृहीतावर उभं आहे. ते गृहीत खरं आहे की नाही, हे १/६ स्वतः सांगू शकत नाही. ते टाकूनच बघावं लागतं (प्रश्न १३).

३. आधी कोणती शिकवावी?

आधी अंदाज, मग प्रयोग, मग सिद्धांत आणि मग पुन्हा प्रयोग. अंदाज शाईने वहीत लिहून घ्या. पेन्सिलीने लिहिलेले अंदाज प्रयोगानंतर गुपचूप सुधारले जातात.

१/६ आधी सांगून मग फासा हातात दिला, की मुलं आकडे बघत नाहीत, ‘बरोबर उत्तर’ आलं का ते बघतात. न आल्यास फाशाला, टेबलाला किंवा शेजारच्याला दोष देतात. उलट आधी टाकून झालं असेल, आणि ‘सगळे अंक साधारण सारखेच का येत आहेत?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच आला, तर सिद्धांत त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतो.

४. हे कोणत्या वयात सुरू करावं?

शब्दांची रेघ पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही जमते. आकड्यांसाठी अपूर्णांकांची तुलना यायला हवी, ३/५ मोठा की ५/८, हे. जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ साली मुलांच्या मनातल्या योगायोगाच्या कल्पनेवर काम प्रसिद्ध केलं. संख्यांची प्रमाणं मनात धरता येऊ लागली की मगच संभाव्यतेचा हिशेब पक्का होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. वयाचे कप्पे त्यांनी आखले तितके घट्ट नसतात हे पुढे दिसलं, पण अपूर्णांकांची अडचण खरी आहे. ‘याला संभाव्यता कळत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी अपूर्णांक तपासते.

५. साहित्य काय लागेल?

एक नाणं, वेगवेगळ्या रंगांचे दोन फासे, आतलं दिसणार नाही अशी पिशवी, दोन रंगांच्या गोट्या, मूठभर ड्रॉइंग पिना. आणि कडा असलेला एक ट्रे. ट्रे नसेल तर निम्मा तास टेबलाखाली जातो.

खाली पडलेलं दान धरायचं की नाही, हे पहिलं दान टाकायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलं तर नकोसं दान ‘तिरकं पडलं’ म्हणून बाद होतं आणि हवं ते धरलं जातं.

६. पुस्तकात छाप्याची संभाव्यता १/२ आहे. माझ्या मुलाने दहा वेळा नाणं उडवलं आणि सात वेळा छापा आला. त्याला काय सांगू?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आधी काय सांगू नये ते: ‘नीट उडवलं नसशील’. या एका वाक्याने मूल शिकतं की निरीक्षण पुस्तकाशी जुळलं नाही तर निरीक्षण चूक.

आता हिशेब बघा. दहा वेळा नाणं उडवण्याचे एकूण १,०२४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. बरोबर पाच छापे असलेले क्रम २५२. म्हणजे ‘पुस्तकासारखं’ उत्तर चारातल्या एकालाच येणार, उरलेल्या तिघांना नाही. सात किंवा जास्त छाप्यांचे क्रम १७६, साधारण १७ टक्के. तीस मुलांच्या वर्गात पाचेक जणांना सात किंवा जास्त छापे येतील आणि पाचेक जणांना तीन किंवा कमी. सगळ्यांना पाचच आले तर मला वह्या तपासाव्या लागतील.

मुलाला हा हिशेब सांगायची गरज नाही, दाखवता येतो. फळ्यावर ० ते १० आकडे आडवे लिहा. प्रत्येक मुलाने आपल्या छाप्यांच्या संख्येवर एक फुली काढायची. थोड्याच वेळात ५ च्या आसपास फुल्यांचा ढीग होतो आणि दोन्ही बाजूंना उतरत जातो. ज्याला सात आले त्याची फुली उतारावर असते, ढिगाबाहेर नसते. घरी एकटंच मूल असेल तर दहा-दहाचे वीस फेरे त्यालाच करू द्या. दोन दिवसांत विभागले तरी चालेल.

हा फरक झाकू नका. तो कुठून येतो, केवढा असतो, कधी कमी होतो, हेच या धड्यात शिकायचं आहे.

७. मग किती वेळा उडवलं म्हणजे उत्तर जुळेल?

तंतोतंत जुळण्याची वाट पाहत असाल तर जास्त वेळा उडवून ती आणखी लांबते. १० वेळांत बरोबर ५ छापे येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के, १०० वेळांत बरोबर ५० ची सुमारे ८ टक्के, १,००० वेळांत बरोबर ५०० ची अवघी अडीच टक्के. जवळ येण्याबद्दल विचाराल तर चित्र उलटं आहे. ४० ते ६० टक्के छापे मिळण्याची शक्यता १० वेळांत सुमारे ६६ टक्के, १०० वेळांत ९६ च्या वर, आणि १,००० वेळांत जवळजवळ खात्रीच.

ही गोष्ट स्विस गणिती याकोब बर्नोली यांनी सिद्ध केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १७१३ साली, ती छापली गेली. तिला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. मुलांना सिद्धतेपेक्षा नाणी उडवणारी माणसं जास्त आवडतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांच्या ४,०४० वेळांत २,०४८ छापे आले. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या २४,००० वेळांत १२,०१२. जॉन केरिच हे गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. हाताशी वेळच वेळ होता. त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं आणि ५,०६७ छापे मोजले.

केरिच यांचे मधले आकडे फळ्यावर लिहाच. १०० वेळांनंतर ४४ छापे, १,००० नंतर ५०२, १०,००० नंतर ५,०६७. टक्क्यांत ४४, ५०.२, ५०.६७. हुशार मूल लगेच बोट ठेवतं: शेवटी तर पन्नासपासून लांब गेलं! बरोबर आहे. टक्केवारी शिस्तीत पन्नासकडे चालत येत नाही, ती डुलत डुलत येते, आणि डुलणं हळूहळू आखूड होतं. आणखी एक बघायला लावा. निम्म्यापासूनचा फरक मोजला तर १०० वेळांनंतर तो ६ होता, १०,००० नंतर ६७. संख्येतला फरक वाढू शकतो आणि टक्क्यांतला त्याच वेळी कमी होतो. हे पचायला मोठ्यांनाही वेळ लागतो.

८. सलग पाच वेळा छापा आला. आता काटा यायची पाळी नाही का? तुम्हीच म्हणता ना, शेवटी सारखं होतं?

नाण्याला आठवण नसते. सहाव्या वेळीही १/२ च.

पण प्रश्नाचा दुसरा भाग रास्त आहे. काटे जास्त येऊन भरपाई होत नसेल, तर सारखं कसं होतं? भरपाई होतच नाही, जुनी तफावत नव्या गर्दीत बुडते. समजा पहिले पाचही छापे. पुढच्या १,००० वेळांत नाण्याने काही खास केलं नाही, ५०० छापे आणि ५०० काटे आले. एकूण १,००५ पैकी ५०५ छापे, म्हणजे ५०.२५ टक्के. पाच छाप्यांची आघाडी तशीच आहे, पण आता ती कुणाला दिसत नाही. हे गणित मुलांकडून करून घ्या. ‘आठवण नसते’ हे नुसतं वाक्य ऐकून ती मान डोलवतात आणि पुढच्याच दानाला ‘आता माझंच पडणार’ म्हणतात.

मोठी माणसंही यातच फसतात. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत (जुगारघरात) रुलेच्या, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. ‘आता तरी लाल’ म्हणून लोक पैसे लावत गेले आणि हरत गेले.

९. मुलगी म्हणते, ‘सहा येईल किंवा येणार नाही, दोनच गोष्टी, म्हणून १/२.’ कसं समजावू?

तिची चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी १७५४ साली असाच काहीसा युक्तिवाद छापला होता. नाणं दोनदा उडवून निदान एकदा छापा मिळवायचा. पहिल्यांदा छापा आला तर खेळ संपला. नाही तर दुसऱ्यांदा छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. तीन गोष्टी, त्यांतल्या दोन अनुकूल, म्हणून २/३. खरं उत्तर ३/४, कारण या तीन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत.

निष्पत्ती मोजण्याआधी त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, आहेत का, हा प्रश्न सूत्रात दिसत नाही, म्हणून तो राहून जातो. मुलीला वाद घालून पटवू नका. ‘६ आला तर तुला एक गुण, नाही आला तर मला’ असं खेळून बघा. १/२ चा दावा वीस दानांत ती स्वतःच मागे घेईल. मग विचारा, न्याय्य व्हायला तुला किती गुण मिळायला हवेत?

१०. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा उत्तरं. मग प्रत्येकाची संभाव्यता १/११ का नाही?

कारण प्रश्न ९ मधलंच. अकरा बेरजा सारख्या वजनाच्या नाहीत. इथे मात्र प्रयोगाला खरी रंगत येते, म्हणून थोडं थांबू.

२ ते १२ अशा अकरा रकान्यांची शर्यत आखा. प्रत्येक मुलाने एक आकडा निवडायचा. दोन फासे टाका, जी बेरीज येईल तो आकडा एक घर पुढे. पहिल्या शर्यतीत कुणीतरी १२ निवडतंच, मोठा आकडा म्हणून. दुसऱ्या शर्यतीत ७ साठी मारामारी होते. तेव्हा सहा गुणिले सहाचा तक्ता काढा: लाल फाशाचे अंक आडवे, निळ्याचे उभे, घरात बेरीज. ३६ घरांत ७ सहा वेळा येतो, १२ एकदाच.

अडखळण्याची जागा ठरलेली आहे. लाल ३, निळा ४ आणि लाल ४, निळा ३ हे दोन वेगळे का, आणि ३-३ एकच का? दोन्ही फासे पांढरे असतील तर हा प्रश्न सुटत नाही, म्हणून प्रश्न ५ मध्ये वेगळे रंग मागितले. रंगीत फासे डोळ्यांसमोर असले की उत्तर तक्त्यातच दिसतं. मग पांढरे फासे टाका आणि विचारा, रंग पुसला म्हणून फासे वेगळे वागतील का?

गॅलिलिओंसमोरही हेच कोडं आलं होतं. तीन फाशांची बेरीज ९ सहा प्रकारच्या त्रिकुटांनी होते, १० देखील सहाच प्रकारांनी. तरी खेळून खेळून मुरलेल्यांना १० जास्त येतो असं दिसत होतं. गॅलिलिओंनी क्रमासकट मोजलं: २१६ पैकी ९ चे २५, १० चे २७. फरक एक टक्काही नाही. शंका प्रयोगातून आली आणि तिचं निरसन सिद्धांताने केलं. या दोघांचं नातं याहून चांगलं मला दाखवता येत नाही.

११. संभाव्यता १/६ आहे, तर सहा वेळांत एकदा तरी ६ यायलाच हवा ना?

नको. सहा दानांत एकदाही ६ न येण्याची शक्यता (५/६) चा सहावा घात, म्हणजे सुमारे ३३.५ टक्के. तीनांतल्या एका मुलाला सहा दानांत ६ दिसणारच नाही. ‘सरासरीने सहांत एकदा’ आणि ‘दर सहांत एकदा’ यांतला फरक मुलांच्या कानाला ऐकू येत नाही.

‘६ सगळ्यात कमी पडतो’ हा समजही इथलाच. सोंगटी बाहेर काढायला ६ लागतो, म्हणून त्याची वाट पाहिलेली लक्षात राहते. २ ची वाट कुणी पाहत नाही.

१२. ड्रॉइंग पिन उडवली तर टोक वर येण्याची सैद्धांतिक संभाव्यता कशी काढायची?

फाशासारख्या नुसत्या निष्पत्ती मोजून ती काढता येत नाही. पिन दोनच प्रकारे पडते, पण ते दोन प्रकार सारखे नाहीत, म्हणून १/२ नाही. मापं आणि वजन घेऊन भौतिकशास्त्राने प्रयत्न करता येईल, पण ते शाळेच्या आवाक्यातलं नाही. इथे प्रयोगच एकमेव वाट. बाटलीचं झाकण, उडवलेला चमचा, सगळं यातच मोडतं.

हा प्रयोग गाळू नका. फक्त नाणं आणि फासा वापरले तर मुलांना वाटतं की उत्तर पुस्तकात आहेच, आपण उगाच टाकतोय. पिनेचं उत्तर पुस्तकात नसतं. पिना लांबट टोकाच्या की आखूड, टेबलावर पडल्या की कापडावर, यांनी उत्तर बदलतं, आणि मुलं ते स्वतः शोधून काढतात. टोकाकडे मात्र लक्ष असू द्या. लहान मुलांना झाकणं द्या.

१३. आमच्या फाशावर ६ जास्तच पडतो. फासा खोटा आहे हे कसं ओळखायचं?

किती वेळा टाकला त्यावर आहे. ६० वेळांत ६ पंधरा वेळा आला, म्हणजे २५ टक्के, तर काही म्हणता येत नाही. चांगल्या फाशावरही कुठला ना कुठला अंक अधूनमधून इतका उचल खातो. ६०० वेळांत १५० वेळा आला, तेच २५ टक्के, तर फासा खोटा समजा. टक्केवारी तीच, पुरावा वेगळा. (म्हणून प्रश्न १७ मधली सूचना.)

बारीक खोट शोधायला चिकाटी लागते. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ साली बारा फासे एकदम, असे २६,३०६ वेळा टाकल्याची नोंद आहे. एकूण ३,१५,६७२ दानं. ५ किंवा ६ एक-तृतीयांश वेळा यायला हवे, म्हणजे ३३.३३ टक्के. आले ३३.७७. एवढासा फरक, पण इतक्या दानांत तो योगायोगात बसत नाही. ठिपके कोरून काढल्यामुळे ५-६ ची बाजू किंचित हलकी होते, असं त्याचं कारण सहसा दिलं जातं.

१४. खरं नाणं तरी अगदी ५०-५० असतं का?

अगदी नाही. अमेरिकन गणिती पर्सी डायाकोनिस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की हाताने उडवून झेललेलं नाणं, सुरुवातीला जी बाजू वर होती त्याच बाजूवर पडण्याकडे जरासं झुकतं, साधारण ५१ टक्के. २०२३ मध्ये दुसऱ्या एका गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली आणि ५०.८ टक्के मिळाले. म्हणजे झुकाव छाप्याकडे किंवा काट्याकडे नाही, सुरुवातीच्या बाजूकडे आहे. वर्गात हे दिसणार नाही, त्यासाठी हजारो वेळा उडवावं लागेल. टेबलावर नाणं गरगर फिरवलं तर मात्र ५०-५० गृहीत धरू नका. तो वेगळाच प्रयोग आहे.

१५. मुलं नाणं न उडवताच आकडे लिहितात. पकडायचं कसं?

वीस वेळांची ओळ बघा. मनाने लिहिणारं मूल सलग चार छापे लिहायला घाबरतं, ते ‘खोटं वाटतं’ म्हणून. खऱ्या वीस वेळांत कुठेतरी एकच बाजू सलग चार किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. मी याचा खेळ करते: अर्ध्या वर्गाने खरं उडवायचं, अर्ध्याने मनाने लिहायचं, कागद नाव न घालता द्यायचे, आणि मी ओळखायचं. नेहमी जमतं असं नाही, पण बरेचदा जमतं. एका कागदावरून कुणावर आळ मात्र घेऊ नका, चारातली एक खरी ओळही बिनधास्त तशीच दिसते.

याचा चुलतभाऊ ओळखायला कठीण: मूल खरंच उडवतं, पण निम्मे छापे झाले की थांबतं. कधी थांबायचं हे आकडे बघून ठरवलं की आकडे बिघडतात. किती वेळा उडवणार ते आधी लिहून घ्या.

१६. मुलाने १० वेळांत ७ छापे आणि नंतर ५० वेळांत २३ छापे मोजले. ०.७० आणि ०.४६ यांची सरासरी ०.५८ लिहिली. बरोबर?

नाही. एकत्र केले तर ६० पैकी ३० छापे, म्हणजे ०.५०. नुसत्या दोन अपूर्णांकांची सरासरी काढली की दहा उडवण्यांना पन्नासइतकंच वजन मिळतं. दोन्ही फेऱ्या सारख्या लांबीच्या असतील तरच ती सरासरी चालते. वर्गाचे निकाल एकत्र करताना छाप्यांची बेरीज वेगळी, उडवण्यांची वेगळी, आणि भागाकार शेवटी.

१७. प्रायोगिक संभाव्यता संक्षिप्त रूपात लिहायची का? २८/५० की १४/२५?

परीक्षेत जे मागितलं असेल ते. वहीत २८/५० ठेवा. छेद बघून कळतं की किती वेळा उडवलं, आणि १४/२५ केलं की ती माहिती पुसली जाते.

१८. पन्नास वेळांत एकदाही न घडलेल्या गोष्टीची प्रायोगिक संभाव्यता ०. म्हणजे ती अशक्य का?

नाही. ० हा या पन्नास वेळांचा निकाल आहे. सैद्धांतिक ० म्हणजे फाशावर ७ येणं. प्रायोगिक ० म्हणजे ‘अजून दिसलं नाही’. दोन फाशांवर १२ ची संभाव्यता १/३६ आहे, आणि पन्नास दानांत तो न दिसण्याची शक्यता जवळपास चारात एक.

१९. पिशवीतली गोटी परत टाकायची की नाही?

दोन्ही प्रयोग चांगले आहेत, पण वेगळे आहेत. तीन लाल आणि दोन निळ्या गोट्या असतील, तर दोनदा लाल येण्याची संभाव्यता परत टाकून ३/५ × ३/५ = ९/२५, न टाकता ३/५ × २/४ = ३/१०. निम्म्या वर्गाने परत टाकली आणि निम्म्याने नाही, तर एकत्र केलेल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

आत किती लाल-निळ्या आहेत हे न सांगता, एकेक गोटी काढून, बघून, परत टाकून अंदाज बांधायलाही लावा. शेवटी पिशवी उघडायची का, यावर शिक्षकांत दुमत आहे. मी आठवडाभर उघडत नाही. मुलं चिडतात, पण तोवर आणखी दोनशे वेळा हात घालतात.

२०. संगणकावर फासा टाकला तर चालेल का?

हाताने पुरेसं टाकून झाल्यावर चालेल. स्प्रेडशीटमध्ये १ ते ६ यांतला यादृच्छिक अंक देणारं सूत्र हजार ओळींत ओढलं की क्षणात हजार दानं मिळतात, आणि प्रश्न ७ मधलं डुलणं आलेखावर दिसतं. एवढं लक्षात असू द्या की संगणकात ‘सगळे अंक सारखे’ हे गृहीत आधीच भरलेलं असतं. तुमच्या टेबलावरचा फासा खरा की खोटा, हे त्याला विचारता येत नाही.

२१. फासे, नाणी, पैजा. आपण मुलांना जुगार तर शिकवत नाही ना?

पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींची १६५४ सालची पत्रं, जिथून हे गणित उभं राहिलं, ती जुगाराच्याच प्रश्नावर होती, हे खरं. शंका असेल तर पैशांऐवजी गुण वापरा, किंवा गोट्या आणि पिना पुरतात. प्रश्न ८ चं गणित स्वतः केलेलं मूल ‘आता तरी लाल’ म्हणायच्या आधी जरा थांबेल, असं मला वाटतं. खात्री नाही देत.

२२. हवामान अंदाजात ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ म्हणतात. ही प्रायोगिक की सैद्धांतिक?

धड कोणतीच नाही. उद्याच्या दिवसाला फाशासारख्या समान बाजू नाहीत, आणि उद्याचा दिवस शंभर वेळा घडवून बघता येत नाही. हवामानशास्त्रज्ञ आजच्या नोंदींवरून संगणकात तेच उद्या थोड्या थोड्या फरकाने अनेकदा चालवतात, किती वेळा पाऊस पडतो ते मोजतात आणि जुन्या नोंदींशी ताडून आकडा सुधारतात.

मुलं ७० टक्के म्हणजे ‘पडणार’ असं ऐकतात, आणि नाही पडला तर ‘अंदाज चुकला’ म्हणतात. एका दिवसावरून ते ठरत नाही. त्यांना कॅलेंडर द्या. रोज सकाळी अंदाजाची टक्केवारी लिहायची, रात्री पाऊस पडला की नाही ते. तीन-चार महिन्यांनी ७० टक्केवाले सगळे दिवस वेगळे काढायचे आणि त्यांतल्या किती दिवशी खरंच पडला ते मोजायचं. दहांत सातच्या आसपास असेल तर अंदाज करणाऱ्यांचं गणित ठीक चाललंय. ७० टक्केवाले दिवस जेमतेम आठच भरले असतील, तर निकाल लावायच्या आधी प्रश्न ६ पुन्हा वाचा.